तिच्या घरी दुसऱ्या दिवशी काय शिजले?

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप चिटणीसबाईंनी पाठविला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. शाळेत पस्तीस वर्षे मुलांचे निबंध तपासले, पण स्वतः निबंध लिहिण्याचा प्रसंग फारसा आला नाही. तरीही लिहावयास बसले, त्याला कारण आपला तुकाराम बीजेचा कार्यक्रम. त्या दिवशी सभागृहात आपण ‘संत तुकाराम’ हा प्रभातचा बोलपट पाहिला. सात वाजले आणि निम्म्या भगिनी पदर सावरीत उठल्या. घरी कुकर लावायचा होता, मुले क्लासहून यायची होती. चित्रपटाचा शेवट त्यांना पाहता आला नाही. त्या रिकाम्या झालेल्या खुर्च्यांकडे पाहून मला माझ्या आईची आठवण झाली. आईची, आणि इंदापुरात नऊ वर्षांची असताना पाहिलेल्या याच चित्रपटाची. ती गोष्ट सांगते. ओघाने थोडा इतिहासही येईल.

साल १९५६. तेव्हा आमच्या गावी चित्रपटगृह नव्हते. पावसाळा सरला की तंबूतला सिनेमा यायचा. माळावर तंबू ठोकला जाई, बैलगाडीवर चित्रांच्या पाट्या बांधून आणि कर्णा लावून दिवसभर गावातून जाहिरात फिरे, आणि दिवेलागणीला तंबूमागचे इंजिन धडधडू लागले की आम्हां मुलांच्या पोटात गोळा उठे. जमिनीवरच बसायचे. मध्ये दोर बांधून एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. रीळ संपले की दिवे लागत, मग शेंगावाला फिरे. रीळ तुटले की शिट्ट्या होत.

एरवी आमच्या घरातून त्या तंबूत पाऊल टाकण्याची परवानगी नव्हती. पण तुकाराम बीज जवळ आली की तंबूचा मालक हटकून ‘संत तुकाराम’ आणी, आणि त्या दिवशी सगळे नियम सुटत. अण्णा, म्हणजे माझे वडील, पंढरीचे वारकरी होते. ते स्वतः आम्हांला घेऊन गेले. तंबूच्या तोंडाशी चपलांचा ढीग पडला होता. लोक देवळात जावे तसे अनवाणी आत जात होते. एका म्हातारीने पडद्यापुढे नारळ ठेवलेला मला आठवतो.

हा चित्रपट तेव्हाच वीस वर्षांचा जुना होता. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने तो १९३६ साली काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला. तेथे तो सत्तावन्न आठवडे चालला. प्रभातची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली आणि १९३३ साली कंपनी पुण्याला आली, हे आपल्यांतील वयस्कर भगिनींना ठाऊकच आहे. कंपनीचे नाव निघाले की सर्वांच्या तोंडी शांतारामबापूंचे नाव येते. पण ‘संत तुकाराम’ त्यांनी दिग्दर्शित केलेला नाही. तो विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या दोघांनी मिळून केला. दामले ध्वनीच्या कामात निष्णात, फत्तेलाल कलादिग्दर्शनात. दोघेही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. एक हिंदू, एक मुसलमान, आणि दोघांनी मिळून देहूच्या वाण्याचे चरित्र असे उभे केले, की वारकऱ्यांनी त्याला हात जोडले.

कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळे यांचे. तुकोबांचे काम विष्णुपंत पागनीसांनी केले. हे नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करणारे गायक नट होते. चित्रपटातले अभंग त्यांनी स्वतःच गायिले. गाणे सुरू होते तेव्हा ‘आता गाणे आले’ असे वाटतच नाही. बोलता बोलता माणूस गुणगुणू लागतो, तितकेच ते सहज आहे. त्यातले बीज आणि झाड यांचे गाणे तर शांताराम आठवल्यांनी त्या चित्रपटासाठी नव्याने लिहिलेले. तरी कित्येकांनी ते तुकोबांचाच अभंग समजून गाथेत शोधले. आमचे अण्णाही ते भजनात म्हणत.

१९३७ साली हा चित्रपट इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात गेला आणि तेथे त्याचा गौरव झाला. परदेशातल्या महोत्सवात असा मान मिळविणारा तो पहिला भारतीय चित्रपट. त्या गौरवाचे प्रशस्तिपत्र मध्यंतरी बरीच वर्षे गहाळ होते, ते २००४ साली पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे परत आले. गाथा बुडाली आणि तरली, तशीच ही गोष्ट म्हणावी लागेल. पण सगळेच काही तरत नाही. १९५३ साली प्रभात बंद झाली. तिच्या आवारात १९६० साली चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था निघाली. तेथल्या कोठाराला जानेवारी २००३ मध्ये आग लागून जुन्या फितींचा मोठा साठा जळाला, त्यात प्रभातच्या फितीही गेल्या. म्हणून मागून काढलेल्या प्रतींवरून का होईना, हा चित्रपट आज आपल्याला पाहावयास मिळतो, हे आपले भाग्य समजले पाहिजे.

असो. आता तंबूत परत जाऊ.

आमच्या घरची हकीकत थोडी सांगितली पाहिजे. अण्णांचे भुसाराचे लहानसे दुकान होते. १९५२-५३ चा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी गावाला उधारीवर ज्वारी दिली. पुढे पाऊस झाला, पिके आली, पण उधारी मागायला म्हणून ते कोणाच्या दारात गेले नाहीत. “त्याच्या घरी असते तर त्याने आणून दिले नसते का?” एवढेच म्हणायचे. आषाढात तुकोबांची पालखी इंदापुरी मुक्कामाला आली की उरलेसुरले पीठही वारकऱ्यांच्या पंगतीला जाई. दोन वर्षांत दुकान बसले. मग अण्णा दुसऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहू लागले, आणि आई घरोघरी शेवया, कुरडया, पापड करून देऊ लागली.

गावात अण्णांना सगळे ‘माळकरी देवमाणूस’ म्हणत. आईला काय म्हणत, ते मला लहानपणीच कळले होते. कारण आई भांडायची. मोठ्याने भांडायची. आमच्या बोळातल्या सातही घरांना ऐकू जाई. डब्यात मूठभर डाळ आणि दारात चार पाहुणे, असे झाले की ती अण्णांना बोलायची, पाहुण्यांना बोलायची, आणि शेवटी देव्हाऱ्यापुढे उभी राहून विठोबालाही बोलायची. अण्णा तोंडातून अवाक्षर काढीत नसत. हसून टाळ घेऊन देवळात जात. मला अण्णांचा अभिमान वाटे आणि आईची लाज वाटे. हे आज लिहिताना हात अडखळतो, पण खरे ते लिहिले पाहिजे.

तर तंबूत दिवे मालवले आणि पडद्यावर जिजाई आली. तिलाच लोक आवली म्हणत. जिजाईचे काम गौरी नावाच्या नटीने केले आहे. प्रभातच्या आवारात हलकीसलकी कामे करता करता ती नटी झाली, असे चित्रपटाच्या अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे. ते वाचल्यावर मला तिच्या कामाचे रहस्य थोडे उमगले. ती कमरेवर हात ठेवून उभी राहते, पदर खोचते, पोराचे बखोट धरते, त्यात नटवेपणा नावाला नाही. ज्या बाईने खरोखर पाणी भरले आहे, तिचाच हात घागरीला तसा लागतो.

जिजाई बोलू लागली आणि तंबू हसू लागला. पुरुषांच्या बाजूने तर हशावर हशा. मी आईकडे चोरून पाहिले. मला वाटले, तिला राग येईल. पण आईच सर्वांत जास्त हसत होती! तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई एवढी हसलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मग तो प्रसिद्ध प्रसंग आला. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा भजनात. जिजाई एका हाताने पोराला फरफटत आणि दुसऱ्या हातात पायातली वहाण घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते. देवालाच जाब विचारायला. लोक पुन्हा हसले. पण आता आई हसत नव्हती. तिने माझा हात घट्ट धरला होता.

पुढे शेवट आला. तुकोबा वैकुंठाला निघाले आहेत. ते घरी येऊन बायकोला म्हणतात, तूही चल. ती स्वयंपाकाच्या गडबडीत. मुलांचे कोण बघणार, घराचे कोण बघणार? ती येत नाही. मग आकाशातून विमान उतरते, तुकोबा जातात, आणि ती खाली राहते. सगळा तंबू उठून उभा राहिला. “ज्ञानबा तुकाराम” असा गजर झाला. अण्णांच्या गालांवरून आसवे ओघळत होती. मीही हात जोडून त्या विमानाकडे पाहत होते.

घरी परत येताना अंधारात बराच वेळ आई काही बोलली नाही. मग एकदम मला म्हणाली, “काय गं, त्या माउलीच्या घरी दुसऱ्या दिशी काय शिजलं असंल?”

मी म्हटले, “आई, अगं ते वैकुंठाला गेले!”

“ते गेले गं. मी तिचं म्हणते.”

अण्णा पुढे चालत होते. त्यांनी ऐकले की नाही, मला माहीत नाही.

ही गोष्ट मी पुढे विसरून गेले. विसरले म्हणजे काय, त्या प्रश्नाचा अर्थच मला लागला नव्हता. उलट १९६२ साली, मी पंधरा वर्षांची असताना, एका दुपारी घरात अशीच कडाक्याची वादावादी झाली. अण्णांनी आपल्या पगारातले पैसे कोणा नडलेल्याला देऊन टाकले होते, आणि त्यांतच माझ्या परीक्षेच्या फीचे पैसे होते. भांडण माझ्याच फीसाठी चालले होते! तरी मी आईवर ओरडले. म्हटले, “तू आवली आहेस आवली! तुझ्यामुळे या घरात शांतता नाही.” आई एकदम गप्प झाली. पाट्यावरचे वाटण तसेच टाकून परसात गेली. तिसऱ्या दिवशी फीचे पैसे माझ्या दप्तरात होते. कोणाच्या कुरडया वाटून, कोणाचे दळण करून तिने ते आणले, हे मी विचारलेही नाही. त्या फीवर मी मॅट्रिक झाले, पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात गेले, मास्तरीण झाले. तो शब्द मात्र मी कधी परत घेतला नाही. आई १९८९ साली गेली.

आता तुम्ही विचाराल, या खऱ्या जिजाईविषयी इतिहासाला काय ठाऊक आहे? फार थोडे. ती पुण्याच्या गुळवे नावाच्या सावकाराची लेक. तुकोबांची ही दुसरी बायको. पहिली रखमाबाई. १६३० च्या आसपास जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात तुकोबांचे दुकान बुडाले आणि रखमाबाई उपासमारीने गेली. म्हणजे जिजाईने काय पाहिले होते, ते ध्यानात घ्या. याच घरात एक सवत अन्नावाचून मेलेली तिने पाहिली होती. अशा बाईने डब्यातले दाणे मोजले, तर तिला कजाग म्हणावे काय?

तिच्या कथा आपल्याला मुख्यतः महिपतीबोवांमुळे कळतात. अठराव्या शतकात ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथांत त्यांनी संतांची चरित्रे ओवीबद्ध केली, आणि कीर्तनकारांनी ती घरोघर पोहोचविली. कीर्तनात आवली आली की लोकांना हसवायचे, ही रीतच पडून गेली. पण महिपतीबोवांनी सांगितलेलीच एक कथा पाहा. तुकोबांचा व्यापार बुडाला, पत उडाली, तेव्हा जिजाईने आपल्या शब्दावर दोनशे रुपये कर्ज उभे केले आणि नवऱ्याला व्यापारासाठी भांडवल दिले. त्यांनी मालाची खरेदीविक्री करून त्या दोनशेचे अडीचशे केले, आणि परत येताना वाटेत कर्जापायी गांजलेल्या एका ब्राह्मणाला सगळे देऊन टाकले. कीर्तनकार येथे तुकोबांच्या दयेचे वर्णन करून पुढे जातात. मी आता थांबते आणि विचार करते, ते दोनशे रुपये सावकाराला कोणी फेडले असतील? शब्द तर तिचा गेला होता.

दुसरी कथा सर्वांना माहीत आहे. तुकोबा भंडारा डोंगरावर जाऊन बसत, आणि ही रोज भाकरी घेऊन डोंगर चढे. वाटेत पायात काटा मोडला आणि जिला विठोबाचे नाव घेतले की राग येई, तिच्याच पायातला काटा काढायला विठोबा आला, असे सांगतात. कथा खरी की खोटी, या वादात मी पडत नाही. पण मराठी मुलखाने ही कथा जपून ठेवली, याचा अर्थ आपल्या लोकांना मनातून कोठेतरी ठाऊक होते की त्या भाकरीवाचून अभंग झाले नसते.

दामले आणि फत्तेलाल यांचे मोठेपण मला येथे दिसते. त्यांना जिजाई नुसती हसण्यापुरती ठेवता आली असती. लोक तेवढ्यावरही खूश झाले असते. पण त्यांनी तिला घर दिले, मुले दिली, काम दिले. तुकोबा देवाशी बोलतात तेव्हा ती पोरांचे तोंड पुसते. शिवाजी महाराजांकडून आलेला नजराणा तुकोबा परत पाठवितात, तेव्हा चित्रपट त्यांच्या वैराग्याची आरती करतोच, पण हाती आलेला घास जाताना तिचा जीव कसा तुटतो, तेही दाखवितो. दोघांपैकी कोणालाही खोटे पाडीत नाही. तुकोबा तिच्यावर चिडत नाहीत, आणि तीही शेवटी त्यांना उपाशी जाऊ देत नाही. असा संसार पडद्यावर मी दुसरा पाहिलेला नाही. आपल्या घरांत मात्र पुष्कळ पाहिले आहेत.

चित्रपटात उणे काही नाही, असे मी म्हणणार नाही. तो ढोंगी साळोमालो फारच उघडाउघडा दुष्ट आहे. सभागृहात आपल्यांतील तरुण मुली त्याला हसल्या, ते ठीकच. गाथा परत देणारी इंद्रायणी, किंवा कीर्तनात जो तो शिवाजी दिसू लागतो तो चमत्कार, हे आजच्या संगणकाच्या युगात साधे वाटतात. मलाही वाटले, या मुली कंटाळतील. हातातले मोबाइल काढतील. पहिली दहा मिनिटे तसे झालेही. पण जिजाई वहाण घेऊन देवळात निघाली, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या एका सूनबाईने मोबाइल उपडा करून मांडीवर ठेवला. आणि शेवटी विमान निघाले तेव्हा ती हळूच म्हणाली, “आजी, हिला आधी कोणी विचारलं होतं का हो?”

माझ्या अंगावर काटा आला. सत्तर वर्षांपूर्वी अंधारात ऐकलेलाच प्रश्न दुसऱ्या तोंडाने आला होता. जो चित्रपट इंदापूरच्या शाळा न पाहिलेल्या बाईला आणि पुढे संगणकावर नोकरी करणाऱ्या मुलीला एकाच जागी थांबवितो, तो जुना झाला असे कसे म्हणावे?

त्या रात्री मला झोप लागली नाही. लहानपणी मी विमानाकडे पाहत होते, आई खाली पाहत होती. चित्रपट तोच, पण दोघींनी दोन निरनिराळे पाहिले. आणि गंमत अशी की दोन्ही त्यात होते. माझे अण्णाही खोटे नव्हते, हे मला सांगितले पाहिजे. त्यांनी दुष्काळात दिलेल्या ज्वारीवर जी घरे तगली, त्यांतील माणसे अण्णा गेले तेव्हा दूरदूरच्या गावांहून आली होती. पण त्या औदार्याचा हप्ता पाट्यावर वाटण वाटून फेडणारी बाई वेगळी होती, आणि तिच्यासाठी कोणी गजर केला नाही. मीही केला नाही. मी तर तिला नाव ठेवले.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे पुस्तकांत सापडले. तेवढे सांगून हा लेख संपवीन. तुकोबा गेले ते १६५० च्या सुमारास. परंपरा असे सांगते की त्या वेळी जिजाई गरोदर होती. पदरी मुले होती, आणि मागाहून आणखी एक मुलगा झाला. त्याचे नाव नारायण. बापाचे तोंड न पाहिलेला हा मुलगा तिने वाढविला. म्हणजे तिच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल पेटली. तिसऱ्या दिवशीही पेटली. आणि याच नारायणबाबांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीला नेण्याची प्रथा सुरू केली. आज लाखो माणसे आषाढात ज्या पालखीबरोबर चालतात, ती ही पालखी. इंदापूरला आमच्या दारावरून दरवर्षी जायची, आणि भांडून भांडून दमलेली माझी आई जिच्यासाठी पहाटे उठून पिठले-भाकरी करायची, तीच.

आईला हे ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर ती काय म्हणाली असती, ते मी सांगू शकते. ती म्हणाली असती, “बघ, मी म्हटलं नव्हतं?” आणि पुन्हा चुलीकडे वळली असती.

आपल्या मंडळाच्या पापड-कुरडया विभागात ज्या भगिनी काम करतात, त्यांतील कित्येकींच्या घरी नवरा भला पण व्यवहारात कच्चा, किंवा असून नसल्यासारखा, हे आपण जाणतो. कोणी मोठ्याने बोलली की आपणही चटकन म्हणतो, “काय बाई ही!” मी स्वतः म्हटलेले आहे. यापुढे म्हणणार नाही. आणि सदुसष्ट साली तोंडचे वाक्य सुधारून द्यायला लावणारी मी मास्तरीण, साठाहून अधिक वर्षे उशिरा का होईना, माझा बासष्ट सालचा शब्द येथे सुधारून लिहिते: होय आई, तू आवली होतीस. म्हणूनच आम्ही जगलो.

शेवटी चिटणीसबाईंना एक विनंती. पुढच्या बीजेला हा चित्रपट पुन्हा लावावा, पण संध्याकाळी पाचला नको. दुपारी एक वाजता लावावा. सव्वादोन तासांचा चित्रपट आहे. साडेतीनच्या आत संपेल, आणि कोणालाही स्वयंपाकासाठी मधून उठावे लागणार नाही. ज्यांच्यासाठी तो शेवट केला आहे, त्यांनी तो पाहिला पाहिजे.